नियामक टी कोशिका व सूक्ष्म आरएनए

शरीराच्या प्रतिरक्षा तंत्राला मर्यादेत ठेवणाऱ्या विशिष्ट लसीका कोशिकांना नियामक टी कोशिका म्हणतात. प्रथिनाचा संकेत स्वतः न वाहता इतर जनुकांपासून होणाऱ्या प्रथिननिर्मितीस आवर घालणारे, सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे रिबोन्यूक्लिइक अम्लाचे (आरएनएचे) रेणू हे सूक्ष्म आरएनए या नावाने ओळखले जातात. या दोन विषयांचे संशोधन प्रारंभी परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत चालू होते. पहिल्याचा उगम नवजात उंदरांवरील शस्त्रक्रियेत, तर दुसऱ्याचा मातीत राहणाऱ्या एका सूत्रकृमीच्या वाढीच्या अभ्यासात आहे. २००६ च्या सुमारास हे दोन प्रवाह एकत्र आले आणि नियामक टी कोशिकांची निर्मिती, त्यांचे स्थैर्य व त्यांचे कार्य ही सर्व सूक्ष्म आरएनएंवर अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले. वैद्यकाचे २०२४ चे नोबेल पारितोषिक सूक्ष्म आरएनएच्या आणि २०२५ चे नियामक टी कोशिकांशी निगडित शोधांसाठी देण्यात आले. या संशोधनाच्या वाटचालीचा आढावा येथे घेतला आहे.

मूळ प्रश्न : रोगजंतूंचा नाश करणारे प्रतिरक्षा तंत्र स्वतःच्या शरीरावर का उलटत नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या प्रारंभीच जर्मन वैद्य पाउल एर्लिख यांनी उपस्थित केला होता. १९४५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रे ओवेन यांना असे आढळले की, गर्भावस्थेत ज्यांचे रक्त परस्परांत मिसळलेले असते अशी जुळी वासरे एकमेकांच्या रक्तकोशिका आयुष्यभर सहन करतात. ऑस्ट्रेलियातील फ्रँक मॅक्‌फार्लेन बर्नेट यांनी या निरीक्षणाला सैद्धांतिक रूप दिले. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी अशी सह्यता कृत्रिम रीत्या निर्माण करून दाखविली. बर्नेट व मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उरोस्थीच्या मागे असणाऱ्या यौवनलोपी ग्रंथीचे (थायमसचे) कार्य १९६१ पर्यंत अज्ञात होते. त्या वर्षी झाक मिलर यांनी नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली असता त्यांची प्रतिरक्षा क्षमता ढासळते असे दाखविले. या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या लसीका कोशिकांना पुढे टी कोशिका हे नाव रूढ झाले. स्वतःच्या शरीरातील घटकांना तीव्रतेने चिकटणाऱ्या टी कोशिका या ग्रंथीतच नष्ट केल्या जातात, हे १९८७ मध्ये जॉन कॅप्लर व फिलिपा मॅरॅक यांनी सिद्ध केले. मात्र ही चाळणी परिपूर्ण नसते. तिच्यातून निसटलेल्या कोशिका निरोगी माणसाच्या रक्तातही आढळतात. त्यांना कोण आवरते, हा प्रश्न शिल्लक राहिला.

दमनकारी कोशिकांची कल्पना व तिचा त्याग : १९७० मध्ये रिचर्ड गेर्शन व काझुनारी कोंडो यांनी असे सुचविले की, काही टी कोशिका प्रतिरक्षा प्रतिसाद वाढविण्याऐवजी दडपतात. त्यांना दमनकारी टी कोशिका असे नाव देण्यात आले आणि पुढील दहा वर्षांत या विषयावर विपुल लेखन झाले. या कोशिकांची खूण म्हणून मानलेला ‘आय-जे’ हा रेणू उंदराच्या ऊतकसंगततेच्या जनुकसमूहातील एका ठराविक जागी संकेतित झालेला असावा, असे आनुवंशिक प्रयोगांवरून ठरविण्यात आले होते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या भागातील डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाची (डीएनएची) प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा असे जनुक तेथे आढळले नाही. परिणामी ही संपूर्ण कल्पनाच अविश्वासार्ह ठरली आणि ‘दमनकारी’ हा शब्ददेखील वैज्ञानिक लेखनातून जवळजवळ हद्दपार झाला.

या घटनेचा परिणाम दूरगामी होता. दमन करणाऱ्या कोशिका अस्तित्वात नाहीत, असे त्या तपासणीने सिद्ध झाले नव्हते; त्यांना ओळखण्याची खूण चुकीची होती, एवढेच सिद्ध झाले होते. परंतु हा भेद फारसा कोणी केला नाही. त्यामुळे पुढील बराच काळ या विषयावर काम करणाऱ्यांना उपेक्षेला तोंड द्यावे लागले.

नियामक टी कोशिकांचा शोध : या कोशिकांकडे नेणारा दुसरा मार्ग जपानमध्ये तयार झाला होता. नागोया येथील आयची कर्करोग केंद्रातील यासुआकी निशिझुका व तेरुयो साकाकुरा यांनी १९६९ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदराची यौवनलोपी ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली असता मादीच्या अंडकोशांचा ऱ्हास होतो, असे त्यांना दिसले. हा ऱ्हास स्वतःच्याच प्रतिरक्षा तंत्राच्या हल्ल्यामुळे होतो, हे नंतर उघड झाले. ग्रंथी काढल्याने प्रतिरक्षा दुबळी होण्याऐवजी अनावर व्हावी, ही गोष्ट विरोधाभासाची होती. तिसऱ्या दिवसानंतर ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या कोशिकांत आवर घालणाऱ्या कोशिका असाव्यात, असा तिचा अर्थ निघत होता.

शिमोन साकागुची यांनी हा धागा पुढे नेला. निरोगी प्रौढ उंदराच्या टी कोशिका शस्त्रक्रिया केलेल्या उंदरात सोडल्यास हा विकार टळतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. संरक्षण देणाऱ्या या कोशिका नेमक्या कोणत्या, हे शोधण्यास त्यांना आणखी तेरा वर्षे लागली. १९९५ मध्ये त्यांनी असे सिद्ध केले की, पृष्ठभागावर सीडी-४ व सीडी-२५ ही दोन्ही प्रथिने बाळगणाऱ्या टी कोशिका हे कार्य करतात. सीडी-२५ हा इंटरल्यूकिन-२ या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहीचा एक घटक आहे. सीडी-४ धारण करणाऱ्या कोशिकांपैकी सु. ५ ते १० टक्के कोशिका या प्रकारच्या असतात. त्या वगळून उरलेल्या टी कोशिका, स्वतःच्या टी कोशिका नसलेल्या उंदरात सोडल्या असता, अनेक इंद्रियांत आत्मप्रतिरक्षा विकार उद्‌भवले. वगळलेल्या कोशिका परत दिल्यावर ते टळले. २००१ मध्ये मानवी रक्तातही अशाच कोशिका असल्याचे अनेक संशोधकांनी दाखविले.

फॉक्सपी-३ जनुक : १९४९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत उंदरांचा एक विकृत वाण आपोआप उत्पन्न झाला. त्यातील बाधित नरांची कातडी खवलेदार होई, प्लीहा व लसीका ग्रंथी फुगत आणि काही आठवड्यांत ते मरत. दोष फक्त नरांत दिसत असल्यामुळे तो एक्स गुणसूत्रावर आहे, हे लवकरच कळले. परंतु जनुक सापडण्यास अर्धशतक लोटावे लागले. वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल येथील एका जैवतंत्रविद्या कंपनीत मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधक्षेत्र सु. ५ लाख न्यूक्लिओटाइडांपर्यंत आकुंचित केले. त्या पट्ट्यातील वीस जनुके त्यांनी एकामागून एक तपासली. दोष विसाव्या, म्हणजे शेवटच्या जनुकात निघाला. त्याला फॉक्सपी-३ असे नाव देण्यात आले (२००१).

त्याच वर्षी मानवातील एका दुर्मिळ व घातक विकाराचे कारणही हेच जनुक असल्याचे सिद्ध झाले. या विकारात मुलग्यांना तान्हेपणीच दीर्घकाळ टिकणारा अतिसार, इसब व मधुमेह जडतो. अस्थिमज्जेचे प्रतिरोपण हाच त्यावरील मूलगामी उपचार ठरला आहे. २००३ मध्ये साकागुची, अलेक्झांडर रुडेन्स्की आणि रॅम्सडेल यांच्या तीन गटांनी फॉक्सपी-३ हे प्रथिन नियामक टी कोशिकांच्या विकासाचे सूत्रधार असल्याचे दाखविले. हे प्रथिन डीएनएला जोडले जाऊन इतर अनेक जनुकांचे कार्य चालू अथवा बंद करते. अशा रीतीने १९८० नंतर गमावलेली विश्वासार्हता या विषयाला परत मिळाली. कारण आता कोशिकांना एक निश्चित, जनुकाने सिद्ध केलेली ओळख लाभली होती. ब्रुंको, रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

सूक्ष्म आरएनएचा शोध : सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सु. १ मिमी. लांबीचा सूत्रकृमी विकासाच्या अभ्यासासाठी वापरला जातो. त्याच्या एका उत्परिवर्तित वाणात डिंभावस्थेतील सुरुवातीच्या घडामोडी पुनःपुन्हा होत राहतात व कृमी नीट प्रौढ होत नाही. हा दोष लिन-४ या जनुकाचा होता. व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकन हे दोघेही रॉबर्ट हॉर्व्हिट्‌झ यांच्या प्रयोगशाळेत एकेकाळी काम करीत. पुढे त्यांनी स्वतंत्रपणे हा प्रश्न हाती घेतला. ॲम्ब्रोस यांच्या गटाला असे आढळले की, लिन-४ जनुकापासून प्रथिन तयारच होत नाही. केवळ २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए तयार होतो. रव्हकन यांच्या गटाने दाखविले की, लिन-१४ या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनसंकेत नसलेल्या भागात या आखूड आरएनएला पूरक असा क्रम आहे. दोन्ही शोध १९९३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले.

त्यांची दखल प्रारंभी फारशी घेतली गेली नाही. ही एका कृमीपुरती मर्यादित चमत्कारिक बाब आहे, असाच बहुतेकांचा समज झाला. २००० मध्ये रव्हकन यांच्या गटाने लेट-७ हा दुसरा सूक्ष्म आरएनए शोधला व तो माश्यांपासून मानवापर्यंत अनेक प्राण्यांत जवळजवळ जसाच्या तसा आढळतो असे दाखविले. २००१ मध्ये तीन गटांनी असे कित्येक रेणू शोधून काढले व त्यांना सूक्ष्म आरएनए हे नाव दिले. मानवात त्यांची संख्या शेकड्यांनी मोजली जाते आणि प्रथिनसंकेत वाहणाऱ्या निम्म्याहून अधिक जनुकांवर त्यांचे नियंत्रण असावे, असे अनुमान आहे.

निर्मिती व कार्यपद्धती : सूक्ष्म आरएनएचे जनुक प्रथम एका लांब आरएनएत उतरविले जाते. त्याचा काही भाग स्वतःवरच दुमडून केसातील आकड्यासारखा आकार घेतो. केंद्रकात ड्रोशा हे एंझाइम हा आकडा कापून वेगळा करते. तो कोशिकाद्रव्यात आल्यावर डायसर हे दुसरे एंझाइम त्याचे टोक कापते व सु. २२ न्यूक्लिओटाइडांचा दुपदरी तुकडा उरतो. त्यातील एक पदर अर्गोनॉट या प्रथिनात बसविला जातो. या पदरातील दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची न्यूक्लिओटाइडे ज्या संदेशवाहक आरएनएशी जुळतात, त्याचे विघटन होते किंवा त्यापासून प्रथिन बनणे मंदावते. जुळणीसाठी एवढा लहान क्रम पुरेसा असल्यामुळे एकच सूक्ष्म आरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो. तथापि प्रत्येक जनुकावरील त्याचा परिणाम बहुधा सौम्य असतो. तो प्रथिनाचे उत्पादन पूर्ण थांबवीत नाही, तर त्याचे प्रमाण मर्यादेत ठेवतो.

ही कार्यपद्धती पुढील प्रयोगांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. शेकडो सूक्ष्म आरएनए एकेक करून काढून टाकणे अवघड असते; परंतु त्या सर्वांना लागणारे डायसर अथवा ड्रोशा हे एंझाइम काढून टाकले की, बहुतेक सर्वांची निर्मिती एकाच वेळी थांबते.

दोन प्रवाहांचा संगम : २००६ मध्ये लंडन येथील मॅथियास मेर्केनश्लागर यांच्या गटाने टी कोशिकांत डायसर नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात नियामक टी कोशिकांची संख्या घटली होती आणि वय वाढल्यावर त्यांच्या आतड्यांत दाह निर्माण झाला. सर्वसाधारण टी कोशिकांत कृत्रिम रीत्या फॉक्सपी-३ उत्पन्न करण्याची क्रियाही डायसरच्या अभावी मंदावली. परंतु या उंदरांच्या सर्वच टी कोशिका सदोष असल्याने, विकाराचा दोष नियामक कोशिकांकडे किती व इतर कोशिकांकडे किती, हे ठरविता येत नव्हते.

ही अडचण २००८ मध्ये दूर झाली. फॉक्सपी-३ ज्या कोशिकेत कार्यरत आहे केवळ त्याच कोशिकेत डायसर नष्ट व्हावे, अशी आनुवंशिक योजना रुडेन्स्की व जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे केली. अशा उंदरांत लहान वयातच अनेक इंद्रियांना ग्रासणारा घातक आत्मप्रतिरक्षा विकार उद्‌भवला. त्याचे स्वरूप नियामक टी कोशिका मुळातच नसलेल्या उंदरांतील विकारासारखेच होते. म्हणजे कोशिका निर्माण होऊनही, सूक्ष्म आरएनए नसल्यास, त्या असून नसल्यासारख्या ठरत होत्या. डॅन लिटमन यांच्या गटाने त्याच सुमारास ड्रोशा हे एंझाइम काढून टाकले असता तोच परिणाम मिळाला. डायसरची इतरही कार्ये संभवतात, हा आक्षेप त्यामुळे निकालात निघाला. कारण दोन्ही एंझाइमांत समान असलेले कार्य सूक्ष्म आरएनएच्या निर्मितीचेच आहे.

रुडेन्स्की यांच्या गटाचा आणखी एक प्रयोग उद्‌बोधक आहे. फॉक्सपी-३ जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मादीच्या प्रत्येक कोशिकेत दोहोंपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत राहते. त्यामुळे योग्य संकरातून जन्मलेल्या मादीच्या काही नियामक कोशिका डायसरविरहित, तर उरलेल्या निर्दोष असतात व ती निरोगी राहते. अशा शांत परिस्थितीत डायसरविरहित कोशिकांची दमनक्षमता काही अंशी टिकून होती. दाहग्रस्त उंदरांतून काढलेल्या डायसरविरहित कोशिकांत मात्र ती पूर्णपणे लोपली होती. यावरून असा निष्कर्ष निघाला की, सूक्ष्म आरएनएंचे मुख्य कार्य नियामक कोशिकांना त्यांचे रूप देण्याचे जेवढे आहे, तेवढेच प्रतिकूल परिस्थितीत ते रूप टिकविण्याचेही आहे.

विशिष्ट सूक्ष्म आरएनए : पुढचा प्रश्न कोणता रेणू कोणते काम करतो हा होता. त्यातील काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

सूक्ष्म आरएनए-१५५ याचे जनुक फॉक्सपी-३ च्या थेट नियंत्रणाखाली आहे. हा रेणू नसलेल्या उंदरांत नियामक कोशिका संख्येने कमी असतात. पण ज्या असतात त्यांची दमनक्षमता शाबूत असते. २००९ मध्ये याचे कारण कळले. हा रेणू एसओसीएस-१ या प्रथिनाचे प्रमाण कमी ठेवतो. ते प्रथिन वाढल्यास इंटरल्यूकिन-२ चा संदेश क्षीण होतो व इतर कोशिकांशी होणाऱ्या स्पर्धेत नियामक कोशिका मागे पडतात. स्वतः इंटरल्यूकिन-२ तयार न करणाऱ्या या कोशिकांना दुसऱ्यांकडून मिळणाऱ्या अल्प पुरवठ्यावर जगावे लागत असल्याने ही संवेदनक्षमता त्यांना अत्यावश्यक असते.

सूक्ष्म आरएनए-१४६ए याची गोष्ट नेमकी उलट आहे. २०१० मध्ये असे दिसले की, तो नसताना नियामक कोशिकांच्या संख्येत उणीव येत नाही. परंतु इंटरफेरॉन-गॅमा स्रवणाऱ्या साहाय्यक टी कोशिकांना आवरण्याची त्यांची शक्ती नष्ट होते. हा रेणू स्टॅट-१ या प्रथिनाला मर्यादेत ठेवतो. ते प्रमाणाबाहेर वाढले की, ज्या प्रतिसादाला आवर घालावयाचा त्याच प्रतिसादाच्या संदेशाने नियामक कोशिका स्वतः प्रभावित होतात. एका रेणूवर संख्या व दुसऱ्यावर गुण अवलंबून असावा, ही श्रमविभागणी या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

सूक्ष्म आरएनए-१०ए हा रेटिनॉइक अम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारे संयुग) व टीजीएफ-बीटा यांच्या प्रभावाने वाढतो. बीसीएल-६ या प्रथिनास आवर घालून तो नियामक कोशिकांचे दुसऱ्या प्रकारच्या टी कोशिकांत होणारे रूपांतर रोखतो, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. सूक्ष्म आरएनए-१७ ते ९२ हा रेणूंचा समूह, इंटरल्यूकिन-१० हे दाहशामक प्रथिन स्रवण्यासाठी नियामक कोशिकांना लागतो, असे २०१३ मध्ये आढळले. याउलट सूक्ष्म आरएनए-३१ हा फॉक्सपी-३ च्याच संदेशवाहक आरएनएला जोडला जाऊन त्याचे प्रमाण घटवितो. मानवी नियामक कोशिकांत तो कमी प्रमाणात असतो, ही बाब त्याच्याशी सुसंगत आहे.

सूक्ष्म आरएनएचे कार्य एका कोशिकेपुरतेच मर्यादित नसते. नियामक कोशिका अतिसूक्ष्म पुटिकांतून लेट-७डी हा रेणू शेजारच्या साहाय्यक टी कोशिकांत सोडतात व त्यांची वाढ आणि इंटरफेरॉन-गॅमाचे स्रवण रोखतात, असे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. सूत्रकृमीच्या वाढीचा काल ठरविणाऱ्या कुलातील रेणू येथे कोशिकांमधील संदेशाचे काम करतो, हे लक्षणीय आहे.

वैद्यकीय महत्त्व व मर्यादा : नियामक टी कोशिका अपुऱ्या पडल्यास आत्मप्रतिरक्षा विकार होतात, त्या अतिरिक्त झाल्यास कर्कार्बुदांना संरक्षण मिळते. म्हणून गरजेप्रमाणे त्यांचे बल वाढविणे वा घटविणे, हे उपचाराचे एक उद्दिष्ट आहे. अशा कोशिका शरीराबाहेर वाढवून रुग्णास परत देण्याच्या आणि इंटरल्यूकिन-२ अल्प मात्रेत देण्याच्या चाचण्या चालू आहेत. सूक्ष्म आरएनएची कृत्रिम प्रतिकृती देऊन किंवा पूरक रेणूने त्याला निष्प्रभ करून हेच साधता येईल, अशी अपेक्षा अनेकांनी बाळगली आहे.

ती पुरी होण्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे एकच रेणू परस्परविरोधी कोशिकांत कार्य करतो. उदा., सूक्ष्म आरएनए-१५५ हा नियामक कोशिकांप्रमाणेच दाह वाढविणाऱ्या टी कोशिकांना आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी कोशिकांनाही आवश्यक असतो. त्याला रोखल्यास मित्र व शत्रू दोघेही दुर्बल होतात. दुसरी अडचण म्हणजे एका रेणूची लक्ष्ये शेकडो असल्याने अनपेक्षित परिणाम संभवतात. कर्करोगावरील उपचारासाठी सूक्ष्म आरएनए-३४ए याच्या प्रतिकृतीची मानवावरील चाचणी, प्रतिरक्षा तंत्राशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे, २०१६ मध्ये थांबवावी लागली. रेणू हव्या त्याच कोशिकेत पोहोचविण्याचे विश्वसनीय साधन मिळेपर्यंत या मार्गावर सावधपणेच पाऊल टाकावे लागेल.

समारोप : या इतिहासातील दोन्ही धागे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले, हे त्यांचे समान लक्षण आहे. दमनकारी कोशिकांची खूण खोटी ठरल्याने त्यांच्यामागील सत्य प्रश्नही बाजूला पडला. सूक्ष्म आरएनए कृमीत सापडल्याने त्याचे व्यापक महत्त्व सात वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. पहिल्या विषयाला फॉक्सपी-३ जनुकाने, तर दुसऱ्याला लेट-७ च्या सार्वत्रिकतेने मान्यता मिळवून दिली. आज प्रतिरक्षा तंत्राच्या संयमाचे स्पष्टीकरण केवळ कोशिकांच्या परस्परसंबंधांनी पूर्ण होत नाही. त्या प्रत्येक कोशिकेच्या अंतरंगात प्रथिनांचे प्रमाण सांभाळणाऱ्या या अल्पाकृती रेणूंचाही विचार करावा लागतो.